पेटी कुणाची? व्हिएन्ना, पॅरिस ते भाईंदर पूर्व

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

आपल्या शहरात 'आपलं' आणि 'परकं' या दोन शब्दांवर अलीकडे फार बोललं जातं. भाषेवरून, सणावरून, दुकानाच्या पाटीवरून. मी वीसेक वर्षं इथे बातमीदारी करतोय, त्यामुळे सगळ्या बाजूंची भाषणं मला जवळजवळ पाठ झाली आहेत. आज त्यातलं काही लिहीत नाही. आज पेटीवर लिहितो. मतपेटी नव्हे, वाजवायची पेटी. हार्मोनियम.

गणपतीच्या दिवसांत संध्याकाळी फाटकापासून नवघर रोडने गोडदेवपर्यंत चालत जा आणि कान उघडे ठेवा. एका सोसायटीत कोकणातल्या चाकरमान्यांचं भजन लागलेलं असतं. मध्ये बुवा, बुवांच्या पुढ्यात पेटी, बाजूला पखवाज, मागे झांज आणि कोरस. डबलबारी असेल तर दोन बुवा समोरासमोर आणि प्रत्येकाच्या हाताखाली आपापली पेटी. गणपती संपले की वर्षभर दुसरे कार्यक्रम आहेतच. उत्तर प्रदेशातल्या मंडळींच्या अखंड रामायणात ढोलक आणि हार्मोनियम. राजस्थानी-गुजराती मंडळींच्या भक्तिसंध्येत हार्मोनियम. एप्रिलमध्ये भीमगीतांच्या कार्यक्रमात हार्मोनियम. उरुसाच्या कव्वालीत हार्मोनियम. गुरुद्वाऱ्याच्या कीर्तनात हार्मोनियम, तिथे तिला 'वाजा' म्हणतात.

यातल्या कुणालाही विचारा, हे वाद्य कुणाचं? प्रत्येक जण छातीठोकपणे सांगेल, आमचं.

आणि गंमत अशी की यातल्या एकाच्याही पणजोबाच्या पणजोबाने ती पाहिलेली नव्हती. पेटी बोटीने आली. तीसुद्धा दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी, साहेबाच्या सामानातून.

आता मुळापासून सांगतो. पेटीच्या आत काय असतं? पितळेच्या पातळ पट्ट्या. एका टोकाला पक्क्या बसवलेल्या, दुसरं टोक मोकळं. भात्याने हवा सोडली की ते मोकळं टोक थरथरतं आणि सूर निघतो. पेटी बनवणारे या पट्टीलाच 'सूर' म्हणतात. कल्पना जुनी आहे. चीनमधलं शंग नावाचं तोंडाने वाजवायचं वाद्य याच तत्त्वावर चालतं आणि ते हजारो वर्षं जुनं आहे. युरोपात मात्र या कल्पनेला खरा जोर आला तो एकोणिसाव्या शतकात. 1829 साली व्हिएन्नात सिरिल डेमियन नावाच्या कारागिराने आपल्या मुलांसोबत एका छोट्या वाद्याचं पेटंट घेतलं. मध्ये भाता आणि पाच कळा. एक कळ दाबली की एक सूर नव्हे, एकदम तीन-चार सुरांचा जुळलेला गुच्छ वाजायचा. अशा गुच्छाला जर्मन भाषेत 'अकोर्ड' म्हणतात, म्हणून नाव पडलं अकॉर्डियन. पुढे 1840 च्या सुमारास पॅरिसमध्ये अलेक्झांद्र देबँ याने पायाने भाता मारायचं टेबलाएवढं वाद्य केलं आणि त्याचं नाव ठेवलं हार्मोनियम.

म्हणजे अकॉर्डियन आणि आपली पेटी ही चुलत भावंडं. आजोबा एकच, घरं वेगळी.

अकॉर्डियन जगभर कसं पसरलं ते बघण्यासारखं आहे. ते राजेरजवाड्यांनी नेलं नाही. खलाशांनी, मजुरांनी, पोटासाठी देश सोडलेल्या माणसांनी नेलं. जर्मनी आणि इटलीतल्या कारखान्यांतून ते स्वस्तात मिळू लागलं होतं. आवाज मोठा, त्यामुळे माईक नसतानाही नाचणाऱ्या गर्दीपर्यंत पोचायचा. एकटा माणूस डाव्या हाताने साथ आणि उजव्या हाताने चाल वाजवू शकायचा, म्हणजे चार जणांच्या बँडचा खर्च वाचला. गरिबाला आणखी काय हवं?

जर्मनीतल्या क्रेफेल्ड गावच्या हाइनरिश बांड याच्या नावावरून ओळखलं जाणारं बांडोनियन अर्जेंटिनाला पोचलं आणि ब्यूनोस आयर्सच्या बंदर वस्तीत वाढणाऱ्या टँगोचा जीव झालं. आज टँगो म्हटलं की तोच आवाज कानात येतो. वाद्य जर्मन होतं हे तिथे कुणाच्या मनातही येत नाही. अमेरिकेत लुइझियानामध्ये फ्रेंच बोलणारे गोरे शेतकरी आणि त्यांच्या शेजारचे काळे शेतकरी, दोघांनीही ते उचललं आणि त्यातून केजन आणि झायडेको असे दोन बाज निघाले. ब्राझीलमध्ये लुइस गोन्झागाने ईशान्येकडच्या दुष्काळी भागाची गाणी अकॉर्डियनवर गायली. त्याचं 'आसा ब्रांका' हे 1947 चं गाणं दुष्काळामुळे गाव सोडून जाणाऱ्या माणसाचं आहे. रिओ आणि साओ पावलोमध्ये राबायला आलेल्या लाखो लोकांचं ते गाणं झालं. कोकणातून गिरणीत आलेल्या चाकरमान्याला भजनात जे सापडलं, तेच त्यांना तिथे सापडलं.

तिथल्या शिष्ट लोकांनी सुरुवातीला काय केलं? नाकं मुरडली. हा काय गोंगाट, हे काय संगीत! कोलंबियात व्हायेनातो नावाचा अकॉर्डियनवरचा बाज आहे. गुराखी आणि शेतमजुरांचं संगीत म्हणून प्रतिष्ठितांच्या क्लबात त्याला जागा नव्हती. 1968 मध्ये व्हायेदुपार शहरात त्याचा महोत्सव सुरू झाला आणि 2015 मध्ये युनेस्कोने त्याला जपण्याजोगा वारसा म्हणून यादीत घेतलं.

हे ध्यानात ठेवा. आता आपल्याकडे या.

आपल्याकडे दोन्ही भावंडं आली, पण घरात शिरली ती पेटी. का? कारण साधं आहे. पाश्चात्त्य हार्मोनियम खुर्चीत बसून, पायाने भाता मारत वाजवायची. मिशनऱ्यांनी ती चर्चमध्ये आणली. आपला गवई मात्र जमिनीवर मांडी घालून बसतो. मग कलकत्त्याच्या कारागिरांनी तिचे पायच काढून टाकले, भाता मागच्या बाजूला घेतला आणि तो डाव्या हाताने हलवायची सोय केली. याचं श्रेय सहसा द्वारकानाथ घोष यांना दिलं जातं. 1875 साली सुरू झालेली त्यांची कंपनी 'द्वारकिन' म्हणून ओळखली जाते. आपल्या गाण्याला सुरांचे गुच्छ नको होते, हवा होता मागे सतत धरलेला षड्ज. म्हणून समोर ओढायचे खटके बसवले. ओढला की तो सूर वाजत राहतो, तंबोऱ्यासारखा. अकॉर्डियनची निम्मी करामत डाव्या हाताच्या गुच्छांत असते आणि रागाला ते नकोच. शिवाय ते गळ्यात अडकवायचं ओझं. म्हणून पेटी जिंकली.

पेटी विलायतेहून आली हे खरं, पण आज आपण जी वाजवतो ती विलायतेत कधी नव्हतीच. ती इथे घडली.

आणि तिला मांडीवर घेणाऱ्यांत मराठी माणूस फार पुढे होता. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं आणि संगीत नाटकाचं युग सुरू झालं. नटाला रात्रभर गायचंय, थिएटर मोठं, माईक नाही. त्याला भक्कम सूर देणारं काहीतरी हवं होतं. ती गरज ऑर्गनने, म्हणजे पायपेटीने भागवली. कोल्हापूरकडचे गोविंदराव टेंबे यांनी तर पेटीला साथीच्या जागेवरून उठवून मैफलीत मधोमध बसवलं. भास्करबुवा बखल्यांना त्यांनी साथ केली, 1911 च्या 'मानापमान' नाटकाला चाली दिल्या, 1913 मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासोबत गंधर्व नाटक मंडळी उभी केली. पुढे 1932 च्या प्रभातच्या 'अयोध्येचा राजा' बोलपटाचं संगीतही त्यांचंच आणि त्यात हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच.

तोवर पेटी नाटकाच्या थिएटरातून बाहेर पडून तमाशातल्या संगीतबारीत, दशावताराच्या मांडावर, कीर्तनात, शाळेच्या प्रार्थनेला जाऊन बसली होती. गावोगाव 'पेटीमास्तर' ही पदवी तयार झाली. दहा-वीस दिवसांत साधी चाल बोटात बसते, सारंगीला वर्षं घालवावी लागतात. ज्याच्याकडे गुरू नाही, वेळ नाही, पैसा नाही, अशा माणसाला पेटीने गाण्यात घेतलं. माझ्या मते तिची सगळ्यात मोठी कामगिरी हीच.

आता दुसरी बाजू. टीकाकार वेडे नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पेटीत सप्तकाला बाराच सूर आणि तेही ठोकून बसवलेले. दोन सुरांमधली मींड, म्हणजे एका सुरावरून घसरत दुसऱ्यावर जाणं, पेटीवर होत नाही. आपल्या संगीतात बावीस श्रुती मानतात. दरबारीचा गंधार आंदोलन घेत हलतो, तो एका पट्टीत कसा मावणार? सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश ई. क्लेमेंट्स यांनी यावर उपाय म्हणून 1911 च्या सुमारास श्रुती-हार्मोनियम तयार करवून घेतली. 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावरून वादही झाला. शंभर वर्षांनंतरही तो ध्यास सुटलेला नाही. आपल्या शेजारच्या ठाण्यातले डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी करून दाखवली आहे.

म्हणजे पेटीत त्रुटी होती आणि ती दूर करायला वाजवणारे, बनवणारे, अभ्यास करणारे झटत होते. वाद असाच चालायला हवा.

पण मग सरकार मध्ये पडलं.

1 मार्च 1940 पासून ऑल इंडिया रेडिओने आपल्या सगळ्या केंद्रांवर हार्मोनियमला बंदी घातली. एकल वादन नाही, साथही नाही. आता बंदी कुणाला हवी होती ते पाहा. रेडिओचे प्रमुख होते लायोनेल फील्डन, इंग्रज. रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळणारे जॉन फोल्ड्स, तेही इंग्रज. त्यांनी 1938 मध्ये हार्मोनियमविरुद्ध लेख लिहिला होता. तिकडे रवींद्रनाथ टागोरांनीही पत्र लिहून बंदीच्या बाजूने कौल दिला, शांतिनिकेतनात पेटी आधीच नको होती. आनंद कुमारस्वामींसारखे विचारवंत कितीतरी आधीपासून विरोधात होते. साहेब म्हणत होता, हे वाद्य तुमच्या शुद्ध परंपरेला शोभत नाही. आपले राष्ट्रवादी म्हणत होते, हे वाद्य साहेबाचं आहे. एरवी एकमेकांशी भांडणारे दोघे एका मुद्द्यावर एक झाले, आणि तोपर्यंत ज्याच्या घरात पेटी येऊन दोन पिढ्या झाल्या होत्या त्या पेटीमास्तराला कुणी विचारलंच नाही.

1947 साली साहेब गेला. बंदी राहिली. 1952 ते 1962 माहिती आणि नभोवाणी मंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपले पुण्याचे. शास्त्रीय संगीतावर त्यांचं प्रेम खरं होतं आणि रेडिओवर ते घराघरात पोचवण्याचं त्यांचं कामही मोठं. पण शुद्धतेचा आग्रहही तेवढाच मोठा. पेटीवरची बंदी तर उठली नाहीच, त्यांच्या काळात सिनेमाची गाणीही रेडिओवरून जवळपास हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? रेडिओची सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावला. शेवटी 1957 मध्ये सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली.

पेटीवरची बंदी मात्र आणखी टिकली. 1970 साली या विषयावर चर्चासत्र झालं आणि 1971 मध्ये ती उठली, तीही अटी घालून, ठरावीक दर्जाच्या कलाकारांपुरती आणि साथीपुरती. हिशेब करा. एकतीस वर्षं. विशीत पेटी शिकलेला मुलगा पन्नाशी ओलांडून गेला. त्या काळात रेडिओ म्हणजे नियमित पैसा, नाव आणि ओळख. रेडिओवर मान्यता मिळालेला कलाकार आणि न मिळालेला कलाकार यांच्या बिदागीत फरक पडायचा. सारंगीवाल्याला, व्हायोलिनवाल्याला तो दरवाजा उघडा होता. पेटीवाल्याला बंद. कला चांगली की वाईट याचा इथे संबंधच नव्हता. वाद्याचा जन्मदाखला तपासला गेला.

त्या एकतीस वर्षांत पेटी मेली का? छे. रेडिओबाहेर ती आणखी वाढली. पी. मधुकर, गोविंदराव पटवर्धन, पुरुषोत्तम वालावलकर, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर ही सगळी नावं त्याच काळात मोठी झाली किंवा घडली. भीमसेन जोशींची मैफल म्हटली की पेटीवर वालावलकर किंवा अप्पा, हे चित्र अनेकांच्या डोळ्यांसमोर असेल. पु. ल. देशपांडे मित्रांच्या मैफलीत पेटी घेऊन बसायचे. बंदी मंजूर करणाऱ्यांतल्या किती जणांची नावं आज तुमच्या-माझ्या तोंडात आहेत? आणि गोव्यातल्या बोरी गावच्या तुळशीदास बोरकरांना 2016 साली याच देशाच्या सरकारने पद्मश्री दिली. 1940 मध्ये जे परकं होतं, ते 2016 मध्ये राष्ट्राचा अभिमान झालं. वाद्य तेच होतं. बदललो आपण.

बरं, दुसरं भावंड अकॉर्डियन कुठे गेलं? ते दादर, ताडदेव, वांद्र्याच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत गेलं. सिनेमाच्या गाण्यात पाश्चात्त्य पद्धतीची सुरांची रचना आली, गोव्याचे अरेंजर आले, तिथे सुरांचे गुच्छ हवेच होते. गुडी सिरवाई, केर्सी लॉर्ड हे पारशी वादक, पुण्याचे इनॉक डॅनियल्स ही त्यातली मोठी नावं. 'आराधना'मधलं 'रूप तेरा मस्ताना' आठवा. 1969 सालच्या त्या गाण्यात श्वास घेतल्यासारखं जे वाजतं, ते केर्सी लॉर्ड यांचं अकॉर्डियन. 'संगम'मध्ये राज कपूरच्या गळ्यात ते होतंच. व्हिएन्नाचं वाद्य, पारशी हात, बंगाली संगीतकार, आणि गाणं आपल्या प्रत्येकाचं. पुढे सिंथेसायझर आला आणि अकॉर्डियन स्टुडिओच्या कोपऱ्यात गेलं. तो सिंथेसायझर सिनेसंगीतात आणणाऱ्यांत केर्सी लॉर्ड स्वतःही होते.

आता आजचा प्रश्न, आणि यासाठीच एवढं लिहिलं.

पूर्वी पेटीतले चांगले सूर जर्मनी आणि पॅरिसहून यायचे. जुन्या वादकाला विचारा, 'जर्मन सूर' म्हटलं की अजून त्याचे डोळे चमकतात. महायुद्धाच्या काळात तो माल आटला आणि मग गुजरातमधलं पालिताणा पुढे आलं. आज बहुतेक पेट्यांत पालिताण्याचे पितळी सूर असतात. इथे अर्जेंटिनाची आठवण होते. त्यांची सगळ्यात लाडकी बांडोनियन बनवणारा आल्फ्रेड आर्नोल्डचा जर्मन कारखाना महायुद्धानंतर बंद पडला आणि तिथले वादक आजही जुनी वाद्यं जिवापाड सांभाळतात. आपलं नशीब बरं, कारण आपल्या कारागिरांनी हुन्नर शिकून घेतलं. वाद्य खऱ्या अर्थाने आपलं झालं ते तेव्हा. वाजवता येणं ही अर्धी मालकी. बनवता आणि दुरुस्त करता येणं ही पुरी.

आणि तीच आता निसटतेय. पेटीचा सूर लावणं हे कानाचं आणि हाताचं काम आहे. जिभलीच्या टोकाशी किंचित खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. केसभर जास्त झालं की पट्टी फुकट. आपल्याकडे खाडीची दमट हवा, पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, पितळ काळं पडतं. म्हणजे इथे दुरुस्तीची गरज जास्त. पण हे काम शिकायला नवीन मुलं येताना मला दिसत नाहीत. भजनी मंडळंही हळूहळू कीबोर्डकडे वळताहेत. त्याला माझा विरोध नाही, कारण उद्या कीबोर्डवर बंदी घाला म्हणणारा मी दुसरा फील्डन होईन. फक्त एवढंच वाटतं की हातातलं हुन्नर नुसत्या दुर्लक्षामुळे जाऊ नये.

म्हणून महापालिकेला, नगरसेवकांना आणि मोठ्या मंडळांना साधी सूचना. दरवर्षी सांस्कृतिक महोत्सवाचे मांडव पडतात, बॅनर लागतात. एक संध्याकाळ पेटीला द्या. कोकणातले बुवा, रामायणवाले, भक्तिसंध्येवाले, भीमगीतवाले, कव्वाल, गुरुद्वाऱ्यातले रागी, सगळे एका मंचावर आणि प्रत्येकापुढे पेटी. आणि पालिकेच्या एखाद्या शाळेत सुट्टीच्या दिवशी पेटी दुरुस्तीचा वर्ग. एक कारागीर, दहा मुलं, चार जुन्या पेट्या. बॅनरच्या खर्चात होईल.

शुद्ध काय आणि परकं काय हे ठरवायचा मोह सगळ्यांनाच होतो. 2022 मध्ये अकाल तख्तानेही सुवर्णमंदिरातल्या कीर्तनातून हार्मोनियम टप्प्याटप्प्याने काढून जुनी तंतुवाद्यं आणावीत असं सांगितलं. जुनी वाद्यं परत यावीत, जरूर यावीत. एखाद्या समाजाने आपल्यात बसून असा विचार करणं वेगळं आणि सरकारी हुकूम काढणं वेगळं, हेही मला कळतं. पण पेटीची गोष्ट एवढं नक्की सांगते की जन्मदाखला बघून आपलं-परकं ठरवलं, तर भजनातून, नाट्यगीतातून, लावणीतून, कव्वालीतून मधला माणूस उठवावा लागेल. एखादी गोष्ट आपली होते ती कुठून आली यावरून नाही, आपण तिच्यासाठी किती घाम गाळला यावरून. भाईंदर पूर्वेला हे वेगळं सांगायला नको. आपण तरी कुठे इथले होतो?

तुमच्या मंडळातली पेटी किती जुनी आहे, कुणी आणली, दुरुस्तीला कुठे नेता, ते खाली लिहा. पेटी दुरुस्त करणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांना विचारून मला मेसेज करा. त्यांच्यावर स्वतंत्र लिहायचंय.